अर्धी तलवार: खेळण्यांच्या कथेत प्रमाण काय मानावे?

ग्रेस्कल किल्ल्याचे रक्षण करणारा हीमॅन हा जंगलातल्या एका टोळीतून बाहेर पडलेला योद्धा आहे, की एटर्नियाच्या राजवाड्यात आळसावून राहणारा आणि तलवार उंचावताच रूप पालटणारा राजपुत्र अ‍ॅडम आहे, या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला हीमॅन प्रथम कुठे भेटला यावर ठरते. आपल्याकडच्या बहुतेकांना तो दूरदर्शनवर भेटला. त्यांच्या लेखी प्रश्नच उद्भवत नाही. मला मात्र तो आधी कागदावर भेटला.

मस्कतला नोकरीला असलेला मामा एका सुट्टीत हीमॅन आणि त्याचा शत्रू स्केलेटर अशी दोन खेळणी घेऊन आला. ती अर्थातच धाकट्या भावाच्या वाट्याला गेली. प्रत्येक खेळण्यासोबत तळहाताएवढी एक रंगीत पुस्तिका होती आणि भावाला अजून इंग्रजी अक्षरे नीट ओळखू येत नसल्यामुळे त्या दोन्ही पुस्तिका माझ्याकडे आल्या. शब्दकोश शेजारी ठेवून मी त्या वाचल्या. त्यांत अ‍ॅडम नावाचे कोणीही नव्हते. पुढे दूरदर्शनवर मालिका सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटात राजपुत्राने स्वतःची ओळख करून दिली, तेव्हा हा कोणीतरी तोतया आहे अशी माझी प्रामाणिक समजूत झाली. ती समजूत पुढे गेली, पण त्यामागचा प्रश्न गेला नाही: जी कथा मुळात खेळणे खपवण्यासाठीच लिहिली गेली, तिच्या अनेक परस्परविरोधी रूपांपैकी प्रमाण कोणते मानायचे? या विश्वाचे चाहते यालाच 'कॅनन' म्हणतात. मी 'प्रमाण' हा शब्द वापरते, कारण त्यात 'कशाच्या आधारावर' हा उपप्रश्न आपोआप येतो.

आधी घटनाक्रम पाहणे आवश्यक आहे. 'स्टार वॉर्स'च्या खेळण्यांचे हक्क 1976 मध्ये मॅटेल या अमेरिकी खेळणी-कंपनीने नाकारले होते आणि त्या खेळण्यांनी पुढे जो धंदा केला तो पाहून मुलग्यांसाठी स्वतःच्या मालकीचे काहीतरी उभे करण्याची निकड कंपनीला भासू लागली. 1980 च्या सुमारास रॉजर स्वीट याने कंपनीतल्या वरिष्ठांसमोर तीन नमुने ठेवले. मॅटेलच्याच 'बिग जिम' या जुन्या बाहुल्यांवर माती थापून त्यांना बलदंड बनवले होते. एक रानटी योद्धा, एक सैनिक आणि एक अंतराळवीर. रानटी योद्धा निवडला गेला. मार्क टेलर या चित्रकाराची रेखाटनेही या घडणीच्या मुळाशी आहेत, आणि हीमॅनचा खरा जनक कोण यावर या दोघांच्या बाजूंनी पुष्कळ वाद झालेला आहे. आपल्या प्रश्नापुरते महत्त्वाचे इतकेच की या टप्प्यावर शरीर होते, पण कथा नव्हती.

कथा आली ती विक्रीच्या गरजेतून. मॅटेलच्या लोकांनी नंतर मुलाखतींत सांगितलेला किस्सा असा, की दुकानदारांना खेळणी दाखवताना 'मुलांना हा कोण हे कसे कळणार?' असा प्रश्न आला आणि प्रत्येक खेळण्यासोबत कॉमिक देऊ असे उत्तर तिथल्या तिथे दिले गेले. पुढच्या बैठकीत 'पाच वर्षांच्या मुलाला वाचता कुठे येते?' असा आक्षेप निघाला, तेव्हा दूरचित्रवाणीवर कार्यक्रम आणू असेही आश्वासन देऊन टाकले. किश्श्याला सांगणाऱ्यांनी थोडी फोडणी दिली असेलही. पण ज्या दोन माध्यमांच्या प्रामाण्यावरून चाहते आजही भांडतात, ती दोन्ही एकाच विक्रेत्याच्या तोंडून निघाली, हे मला फार बोलके वाटते.

1982 मध्ये खेळणी बाजारात आली तेव्हा त्यांच्यासोबत चार पुस्तिका होत्या. डोनाल्ड ग्लट यांचे लेखन आणि आल्फ्रेडो अल्काला यांची चित्रे. त्यांना मिनीकॉमिक म्हणण्याची पद्धत असली, तरी पहिल्या चार पुस्तिका कॉमिक नव्हेतच. पानावर चित्र आणि त्याखाली मजकूर अशी त्यांची गोष्टीच्या पुस्तकासारखी रचना आहे. त्यांत हीमॅन आपल्या टोळीचा निरोप घेऊन निघतो, हिरव्या वर्णाची एक मायाविनी त्याला शस्त्रे आणि चिलखत देते, आणि ग्रेस्कलमध्ये प्रवेश मिळवून देणारी शक्तीची तलवार दोन भागांत विभागलेली असते. एटर्निया ही एका प्राचीन महायुद्धानंतर उरलेली, यंत्रे आणि जादू यांचे अवशेष इतस्ततः पडलेली भूमी आहे. अल्कालाच्या चित्रांत आकाश नेहमी मळभ आल्यासारखे दिसते. पुढे मी जे जे हीमॅन-साहित्य पाहिले, त्यात ते मळभ पुन्हा कुठे दिसले नाही.

त्याच वर्षी डीसी कॉमिक्सने सुपरमॅनसोबतच्या एका अंकात हीमॅनला आणले आणि तिथे राजपुत्र अ‍ॅडम प्रथम अवतरला. मात्र तो रूप पालटत असे ते एका गुहेत जाऊन, तलवारीच्या योगाने नव्हे. डिसेंबर 1982 मध्ये मायकल हॅल्परिन यांनी मॅटेलसाठी या विश्वाचा एक अंतर्गत आराखडा लिहिला. त्यात अ‍ॅडमची आई राणी मार्लेना पृथ्वीवरून आलेली अंतराळवीर आहे, आणि ईव्हिल-लिनसारखे खलपुरुषांच्या कंपूतले काही जणही मूळचे पृथ्वीवरचेच आहेत. सप्टेंबर 1983 मध्ये फिल्मेशन कंपनीची मालिका सुरू झाली. तिने मार्लेनाचे पृथ्वीवरचे माहेर ठेवले, ईव्हिल-लिनचे सोडून दिले, तलवार अखंड केली आणि 'बाय द पॉवर ऑफ ग्रेस्कल' ही आरोळी जगाला दिली. दोन हंगामांत मिळून 130 भाग झाले. 1984 पासूनच्या मिनीकॉमिकांत मग अ‍ॅडम गुपचूप दाखल झाला. टोळीतल्या योद्ध्याचे काय झाले, याचा खुलासा करण्याची कोणाला गरज वाटली नाही.

येथे सर्वसाधारणपणे केला जाणारा युक्तिवाद असा, की मालिका ही 'खरी' कथा आणि पुस्तिका, वेष्टनावरचा मजकूर, जाहिराती हे सगळे प्रचारसाहित्य. मला हा भेदच मान्य नाही. अमेरिकेत 1969 मध्ये 'हॉट व्हील्स' या मॅटेलच्याच गाड्यांवर मालिका निघाली, तेव्हा तिच्या वेळेचा काही भाग जाहिरात म्हणून मोजावा अशी भूमिका तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने घेतली होती. 1981 मध्ये मार्क फाउलर त्या आयोगाचे अध्यक्ष झाल्यावर वारे फिरले आणि 1984 मध्ये जाहिरातींच्या वेळेवरची बंधने उठवण्यात आली. हीमॅनची मालिका याच बदलत्या हवेत जन्मली, आणि मुलांच्या कार्यक्रमांसाठी झगडणाऱ्या संघटनांनी तिला अर्ध्या तासाची जाहिरात असेच म्हटले. म्हणजे जे कारण पुढे करून पुस्तिकेला बाद ठरवायचे, तेच कारण मालिकेलाही तंतोतंत लागू पडते. मालिका लांबीने मोठी आहे आणि तिला संगीत आहे, एवढाच काय तो फरक. जाहिरातीचे मोजमाप मिनिटांत होत असेल. प्रामाण्याचे होऊ नये.

मग निकष कोणता? आपल्याकडे ग्रंथांच्या पाठभेदांचा विचार करण्याची चांगली परंपरा आहे, म्हणून मी आधी तिकडे वळले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना निरनिराळ्या प्रांतांतल्या हस्तलिखितांची तुलना केली आणि उपलब्ध पुराव्यावरून पोहोचता येईल तितक्या जुन्या पाठाकडे जाण्याचा प्रयत्न केला. नंतरची भर वेगळी काढून तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवली. हीच रीत हीमॅनला लावली, तर ग्लट-अल्काला यांच्या चार पुस्तिका सर्वांत जुना पाठ ठरतात आणि अ‍ॅडम हा चक्क क्षेपक ठरतो. लहानपणीच्या माझ्या समजुतीला यामुळे मोठाच आधार मिळाला असता. पण ही रीत येथे चालत नाही, आणि ती का चालत नाही हे कळायला मला बराच काळ लागला. त्या पद्धतीमागे असे गृहीत आहे की पाठभेदांच्या मागे एक शब्दबद्ध पाठ होता. हीमॅनच्या बाबतीत सर्वांत मागे जाऊन जे हाती लागते, ते मातीने फुगवलेले एक बाहुले आहे.

म्हणून मी उलट टोकाकडून सुरुवात केली. खेळणे हेच मूळ आणि बाकी सगळे त्यावरचे भाष्य. धर्मशास्त्रात श्रुती आणि स्मृती यांचा विरोध आला की श्रुती बलवत्तर मानतात. तसे येथे प्लास्टिक बलवत्तर. भाष्यांपैकी कोणते मोजायचे, याचीही माझी कसोटी साधी आहे: ते खेळण्यासोबत, खेळण्याचा भाग म्हणून मुलाच्या हाती पोहोचले का? कंपनीने कशाला मान्यता दिली, हक्क कोणाकडे होते, लेखक किती नावाजलेला होता, यांपैकी काहीही मी विचारात घेत नाही. हॅल्परिनचा आराखडा या कसोटीने बाद होतो. तो कितीही अधिकृत असला, तरी ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्यांच्यापैकी कोणीही तो तेव्हा पाहिलेला नव्हता.

कसोटी लावून पाहू. टीला या योद्धा स्त्रीचे उदाहरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे. मालिकेत ती ग्रेस्कलच्या सॉर्सरेस या जादूगारणीची मुलगी असते आणि तिला स्वतःला ते ठाऊक नसते. हा मालिकेतला माझ्या मते सर्वांत हळवा धागा. 1983 च्या एका मिनीकॉमिकात मात्र ती देवीची, म्हणजे आधीच्या पुस्तिकांतल्या त्या हिरव्या मायाविनीची, प्रतिकृती आहे, जी स्केलेटरने आपल्या स्वार्थासाठी घडवली. कथा म्हणून मालिकेची बाजू उघडच सरस आहे. पण खेळण्याकडे पाहावे, तर टीलाच्या मूर्तीसोबत नागफणीचे चिलखत आणि नागाची काठी येते, आणि वेष्टनावर तिचा उल्लेख योद्धा देवी असा आहे. एकाच बाहुलीने दोघींची कामे करावीत, चिलखत चढवले की देवी आणि उतरवले की टीला, असा तो मूळ बेत. टीला आणि देवी यांचे देहाने एकच असणे प्लास्टिकमध्येच ओतलेले आहे. प्रतिकृतीची कथा त्याचे स्पष्टीकरण देते, आई-मुलीची कथा देत नाही. मन मालिकेकडे ओढत असूनही मला येथे कौल पुस्तिकेला द्यावा लागतो, आणि तो देताना मी खूश नाही.

हीमॅनचे वाहन असलेला बॅटल कॅट हा हिरवा वाघ 'बिग जिम'च्या संचातल्या वाघाचा जुना साचा वापरून केलेला. साच्याचा खर्च वाचवण्यातून जन्मलेले हे पात्र मालिकेने भित्र्या क्रिंजरचे रूप म्हणून रंगवले. येथे विरोधच नाही, त्यामुळे वाद नाही.

ऑर्को या विनोदी जादूगाराचा प्रवास उलटा आहे. तो फिल्मेशनची निर्मिती. आधी त्याचे नाव गॉर्पो असणार होते, पण छातीवरचे अक्षर असे हवे होते की चित्र उलटे वळवून पुन्हा वापरले तरी ते बिघडणार नाही, म्हणून ओ. (चित्रपट्टी वाचवण्याच्या हव्यासाने पात्राचे बारसे झाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.) 1984 मध्ये ऑर्कोचे खेळणे निघाले आणि त्या दिवशी, माझ्या हिशेबाने, तो प्रमाण झाला. राजपुत्र अ‍ॅडमचेही तसेच. त्याच वर्षी त्याची मूर्ती आली, आणि तिचे शरीर हीमॅनच्याच साच्यातले होते. वर फक्त कापडी बंडी. ज्या अ‍ॅडमला मी लहानपणी तोतया ठरवले, त्याची बाजू शेवटी प्लास्टिकनेच घेतली. दोघे एकच आहेत याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणत्या ग्रंथात मिळणार?

1987 च्या चित्रपटाबद्दल लिहिताना देवनागरी थोडी थट्टा करते. डॉल्फ लुंडग्रेनची भूमिका असलेला हा चित्रपट कॅनन फिल्म्सने काढला, त्यामुळे कॅननचा चित्रपट कॅनन आहे का, असे वाक्य मराठीत सरळ चेहऱ्याने लिहिता येते. त्यात ऑर्को नाही. त्याची जागा ग्विल्डोर या बुटक्या कारागिराने घेतली आहे. चित्रपटासाठी नव्याने रचलेल्या पात्रांपैकी ग्विल्डोर, ब्लेड आणि सॉरॉड यांची खेळणी निघाली, कार्गचे तेव्हा निघाले नाही. माझी कसोटी येथे निर्दयपणे चालते: तिघे आत, कार्ग बाहेर. चित्रपटाची कथा, पृथ्वीवरचा तो प्रवास, हे सारे एक वेगळे भाष्य म्हणून राहते.

केल्डोरचे प्रकरण मात्र माझ्या कसोटीला खरे आव्हान देते. जुनी खेळणी संपत आली तेव्हा, 1987 च्या एका मिनीकॉमिकात अ‍ॅडमचा बाप राजा रँडोर आपल्या हरवलेल्या भावाचा, केल्डोरचा, शोध घेतो आणि स्केलेटर काही करून तो शोध थांबवू पाहतो. केल्डोर म्हणजेच स्केलेटर, हे पुस्तिका उघडपणे म्हणत नाही, नुसते सुचवते. नंतर खेळणीच बंद पडली आणि ती सूचना पंधरा वर्षे तशीच लोंबकळत राहिली. 2002 च्या नव्या मालिकेने केल्डोरचा चेहरा विद्रूप होऊन तो स्केलेटर कसा बनतो ते पहिल्याच भागात दाखवले, आणि तेव्हापासून हे जणू सुरुवातीपासूनच ठरलेले होते असे मानण्याची रूढी पडली. ज्या प्रचारपुस्तिकेला एरवी कोणी विचारले नसते, तिच्यातला एक इशारा पुढच्या मालिकांचा कणा झाला. पण म्हणून 1983 च्या मालिकेतला स्केलेटर रँडोरचा भाऊ ठरतो का? माझे उत्तर नाही असे आहे. नंतरच्या वारसाने पूर्वजाचे चरित्र बदलू नये. 1987 च्या पुस्तिकेत तो इशारा आहे आणि तो इशारा म्हणूनच प्रमाण आहे. त्याचे उत्तर 2002 चे आहे आणि ते 2002 पुरतेच आहे. बहुतेक चाहते माझ्याशी येथे असहमत असतात, आणि त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे, हेही मी कबूल करते.

आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या खेळण्यांत तपकिरी केसांचा एक हीमॅन सापडतो. तो वंडर ब्रेड या पावाच्या विक्रीयोजनेतून मिळत असे, अशी ख्याती आहे, आणि ती खरी का याबद्दल संग्राहकांत अजून वाद चालतो. मॅटेलने 2008 मध्ये प्रौढ संग्राहकांसाठी नवी 'क्लासिक्स' मालिका काढली, तेव्हा या तपकिरी केसांच्या मूर्तीला वुन-डार असे नाव आणि स्वतंत्र पूर्वचरित्र देऊन तिला विश्वात सामावून घेतले. सोबत पावाची एक लादीही दिली. पावासोबत आला की नाही हेच ज्याचे ठरलेले नाही, त्याला पावासकट प्रामाण्य बहाल झाले! कंपनीने ठरवलेले प्रामाण्य मी का मानत नाही, याचे एवढे चविष्ट उदाहरण दुसरे नाही. खेळणे आले म्हणून वुन-डार माझ्याही लेखी प्रमाण आहे, पण 2008 नंतरच्या संचापुरताच.

2015 मध्ये डार्क हॉर्सने सगळी मिनीकॉमिके एका जाडजूड ग्रंथात छापली. मी ते पुस्तक मागवले आणि आनंदाने वाचले, तरी ती पाने तेव्हापासून थोडी अनोळखी वाटतात. खेळण्याशिवायची पुस्तिका हे माझ्या कसोटीत बसत नाही. त्यातच दुसरी एक अडचण उघड होते, जी मला टाळता येत नाही. मुलाच्या हाती काय पोहोचले हाच निकष धरला, तर प्रामाण्य देशोदेशी आणि घरोघरी बदलणार. आपल्याकडे लिओ मॅटेलच्या नावाने मिळणारा हीमॅन घेऊन दूरदर्शनची मालिका पाहणाऱ्या वर्गमित्राच्या हातात माझ्या त्या दोन पुस्तिका कधीच आल्या नाहीत. त्याचा अ‍ॅडम आणि माझा टोळीतला योद्धा हे दोघेही एकाच वेळी प्रमाण आहेत, आणि दोघांना एकत्र शिवण्याचा प्रयत्न मी आता सोडून दिला आहे. फक्त वादाच्या वेळी एक वस्तू मी समोर ठेवते. हीमॅनची करडी तलवार आणि स्केलेटरची जांभळी तलवार या दोन्ही एका बाजूने सपाट आहेत. त्या बाजू एकमेकींना भिडवल्या की दोहोंची मिळून एक तलवार होते. मालिकेच्या 130 भागांत या सपाट बाजूचे कारण कुठेही सापडणार नाही. ते फक्त पुस्तिकेत आहे.

हा लेख लिहिताना त्या जोडलेल्या तलवारीचे छायाचित्र घालावे म्हणून भावाला फोन केला. त्याने माळ्यावरची पेटी काढून पाहिली. हीमॅन होता, एक पाय निखळलेला. करडी तलवार होती. स्केलेटरही होता, रिकाम्या हाताचा.

"जांभळी कुठे गेली रे?"

"ताई, ती तूच नेली होतीस," तो म्हणाला. "पुस्तिकेत खूण म्हणून ठेवायला."